तारणाची शाश्वती

मराठी ख्रिस्ती समाजाने धर्मचर्चेसाठी जे शब्द जवळ केले, त्यांत ‘तारण’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. ‘मोक्ष’ म्हणजे बंधनातून सुटका. ‘तारण’ या शब्दात मात्र पाणी आहे, बुडणारा आहे आणि त्याला हात देणारा दुसरा कोणी आहे. पण काठावर आलेला मनुष्य पुन्हा पाण्यात पडू शकतो काय? ख्रिस्ती जगात या प्रश्नावर शतकानुशतके वाद झाला आहे.

हा वाद महाराष्ट्रात केवळ पोथीत राहिला नाही. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. स्वकीयांचा रोष पत्करून टाकलेले ते पाऊल होते. तरीही १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्यांनी सांगितले आहे, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले ते असे: आपल्या हाती ख्रिस्ती धर्म आला होता, ख्रिस्त आला नव्हता. संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या आणि वाँटेजच्या धर्मभगिनींशीही निर्भयपणे वाद घालणाऱ्या विदुषीचा हा कबुलीजबाब आहे. मग मधल्या आठ वर्षांत त्या तरलेल्या होत्या की नव्हत्या?

उत्तर कोणाला विचारावे, यावर ते अवलंबून राहील. रोमन कॅथॉलिक पंथाचे म्हणणे १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने निश्चित केले. बाप्तिस्म्याचा ठसा आत्म्यावरून पुसला जात नाही. पण त्यासोबत लाभलेली कृपा महापातकाने गमावते आणि पश्चात्ताप व पापनिवेदन यांनी पुन्हा लाभते. १६१६ साली ज्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोमंतकात प्रथम छापले गेले, ते फादर स्टीफन्स याच परंपरेतले. पुढे दोनच वर्षांनी, १६१८-१९ मध्ये, हॉलंडातील डॉर्ट येथे कॅल्व्हिनच्या अनुयायांनी नेमके उलट ठरविले. ज्यांना देवाने निवडले, ते घसरतील, ठेचकाळतील, पण अखेरपर्यंत टिकतील. कारण टिकविणारा तो आहे. १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी ज्या स्कॉटिश मिशनशी निगडित होते, त्याची शिकवण याच धाटणीची. जॉन वेस्ली आणि त्याचे मेथॉडिस्ट अनुयायी यांना मात्र हे मान्य नव्हते. मनुष्य कृपेपासून खरोखर ढळू शकतो, असे ते बजावीत.

मराठी श्रोत्याला हा झगडा अगदीच परका वाटू नये. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत माकडाच्या व मांजराच्या पिलाचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. माकडाचे पिलू आईला स्वतः बिलगते; मांजरी आपले पिलू तोंडात धरून नेते. एका पक्षाने माकडाचे उदाहरण घेतले, दुसऱ्याने मांजराचे. डॉर्टचे आचार्य निःसंशय मांजराच्या पक्षाचे!

खुद्द बायबलात दोन्ही बाजूंना आधार सापडतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या मेंढरांविषयी ग्वाही देतो, की त्यांना त्याच्या हातून कोणी हिसकावून घेणार नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, प्रकाश लाभल्यावर जे पतित होतात त्यांच्यासंबंधी अत्यंत कठोर इशारा आहे. एका वचनाने दुसरे झाकू पाहणारे भाष्यकार पुष्कळ झाले. झाकले कोणतेच गेले नाही.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जूनअखेर या प्रश्नाने प्रत्यक्ष रूप घेतले. वेल्समधील धर्मजागृतीची वार्ता तेथे पोहोचलेली होती. प्रार्थना चाललेल्या होत्या. आणि दुष्काळातून, वैधव्यातून आश्रयाला आलेल्या मुली आपल्या पापांसाठी मोठमोठ्याने रडू लागल्या. त्यांतील कितीतरी जणी आधीच बाप्तिस्मा घेतलेल्या होत्या. कॅल्व्हिनपंथी म्हणेल, त्या पूर्वी खऱ्या अर्थाने तरल्याच नव्हत्या. या उत्तराला पराभव ठाऊक नाही. टिकला तो खरा आणि ढळला तो मुळातच खोटा, असे म्हटले की खंडन करायचे तरी कशाचे? पण त्यामुळे आज प्रामाणिकपणे विश्वास ठेवणाऱ्याला स्वतःविषयी खात्री कशी वाटावी, हे अवघडच राहते. वेस्लीचा अनुयायी म्हणेल, त्या ढळल्या होत्या, परतल्या. येथे प्रामाणिकपणाला वाव आहे, मात्र झोपेला नाही. उद्याची धास्ती कायम.

रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्राम्स या मेथॉडिस्ट होत्या. रमाबाईंनी मात्र कोणत्याही एका पंथाचे कुंपण मुक्तीभोवती घातले नाही. ज्या स्त्रीला घराने एकदा आपले म्हणून नंतर बाहेर घातले, तिला ‘तुला सोडणार नाही’ या वचनाचा अर्थ कोणत्याही धर्मपरिषदेपेक्षा अधिक कळत असला पाहिजे. तिच्या दृष्टीने शाश्वती म्हणजे पाप करण्याचा परवाना नव्हे. पुन्हा रस्त्यावर यावे लागणार नाही, हा धीर. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतरात गढलेल्या होत्या. मूळ हिब्रू व ग्रीकवरून, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत ते करावे, हा त्यांचा ध्यास होता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले, तेव्हा ते काम हातावेगळे झाले होते. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून झाली.