गणकयंत्र आणि अंदाज

स्कॉटलंडांतील जॉन नेपियर यानें १६१४ सालीं लॉगॅरिथमचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. गुणाकाराचें काम बेरजेवर आणणारी ही युक्ति पुढें साडेतीनशें वर्षें खगोलशास्त्रज्ञ, नाविक व इंजिनियर यांच्या उपयोगीं पडली. तिच्याच तत्त्वावर बनविलेली स्लाइड रूल नांवाची पट्टी इंजिनियराच्या नित्य जवळ असे. १९७२ सालीं अमेरिकेंतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनें पस्तीस कळांचें ‘एचपी-३५’ हें हातांत मावणारें वैज्ञानिक गणकयंत्र ३९५ डॉलरांस विकावयास काढलें, आणि थोड्याच वर्षांत पट्टी मागें पडली.

पट्टीबरोबर एक संवयहि गेली. स्लाइड रूल उत्तराचे अंक दाखवी. दशांशचिन्ह दाखवीत नसे. उत्तर ८० कीं ८००, हें वापरणाऱ्यास मनाशींच ठरवावें लागे. यंत्रानें हा त्रास वांचविला. परंतु त्या त्रासांतच अंदाजाचें शिक्षण होतें. महाराष्ट्रांतील बारावीच्या भौतिकशास्त्राच्या परीक्षेंत कोष्टकें चालतात, गणकयंत्र चालत नाहीं. त्यामुळें पुष्कळ विद्यार्थ्यांची या यंत्राशीं खरी ओळख पुढें कॉलेजांतच होते, आणि ती कळा पाठ करण्यापुरतीच राहण्याचा संभव असतो.

यंत्र चुकत नाहीं, पण विचारणाऱ्याच्या मनांतील प्रश्न त्यास कळत नाहीं. १२ ला २ व ३ यांच्या गुणाकारानें भागावयाचें असतां कंस न घालतां आंकडे क्रमानें दाबले, तर २ च्या ऐवजीं १८ उत्तर येतें. कोन अंशांत आहे कीं रेडियनांत, हेंहि यंत्रास अगोदर सांगावें लागतें. रेडियनांवर ठेवलेल्या यंत्रास ३० ची साइन विचारली, तर ०.५ च्या जागीं उणें ०.९८८ येतें. ही चूक उणें चिन्हामुळें तेव्हांच लक्षांत येते.

खरा धोका विश्वसनीय दिसणाऱ्या चुकीचा आहे. छपराचा ४ मीटर लांबीचा वासा ४५ अंशांत चढवावयाचा आहे. त्याचें वरचें टोंक किती उंच जाईल? खरें उत्तर २.८३ मीटर. रेडियनांवरील यंत्र ३.४० दाखवितें, आणि तेंहि पटण्यासारखेंच वाटतें. या हिशेबानें उभा केलेला खांब सुमारें अर्धा मीटर उंच होईल. परंतु ४५ अंशांत उंची व पाया समान असतात. म्हणून उंचीचा वर्ग १६ च्या निम्मा, म्हणजे ८, असला पाहिजे. ३.४० चा वर्ग तर ११ च्या पुढें जातो. एवढा विचार करणाऱ्यास चूक तत्काळ सांपडते.

म्हणून नवशिक्यानें प्रथम ३० अंशांची साइन काढून ०.५ येते कीं नाहीं तें पाहावें, कंस सढळपणें घालावे, आणि कळ दाबण्यापूर्वीं अपेक्षित उत्तर कागदाच्या कडेस लिहून ठेवावें. दोहोंत मोठें अंतर पडल्यास थांबून पुन्हा पाहावें.