फावल्या वेळाची मजुरी

(महिला दिनानिमित्त शहरातल्या एका वस्तीत, घरी बसून विणकाम करणाऱ्या बायकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



आजच्या मेळाव्याआधी तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी मी जाऊन आले. प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला, 'तुम्ही काय काम करता?' बहुतेकींचं उत्तर होतं, 'काही नाही, घरीच असते.' मग चहा झाल्यावर, जरा ओळख वाढल्यावर, 'तसं फावल्या वेळात स्वेटर विणते.'

यातल्या एक ताई सकाळी दोन घरचा स्वयंपाक करतात. दुपारी नातवाला अंगणवाडीतून आणतात, नळाला पाणी येतं तेव्हा पाणी भरतात. रात्री सगळ्यांची जेवणं आवरली की सुया हातात घेतात, त्या डोळे मिटायला लागेपर्यंत. थंडीच्या आधी दुकानदाराच्या ऑर्डरीचे महिन्याला दोन स्वेटर त्या पुरे करून देतात. त्याही म्हणाल्या, 'फावल्या वेळात.' त्यांच्या दिवसात फावला वेळ नेमका कुठे आहे, ते मला काही सापडलं नाही.

आज मला या एका शब्दाबद्दलच बोलायचं आहे. कारण हा शब्द आपली मजुरी खातो.

विणकाम आपण का धरतो? ते मधेच खाली ठेवता येतं म्हणून. शिवणाच्या मशीनला जागा लागते, उजेड लागतो, कापड पसरायला जमीन लागते. विणकाम पिशवीत मावतं. कुकरची शिट्टी झाली की ओळ पुरी करून उठायचं, मूल रडलं की सुया बाजूला ठेवायच्या, दवाखान्याच्या रांगेत पुन्हा काढायच्या. मुंबईच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात शेंगा सोलणाऱ्या बायका असतात तशा विणणाऱ्याही असतात. नोकरी करणारी बाई जाता-येता दोन-चार ओळी विणते. घर सांभाळून होतं, हा या कामाचा मोठा गुण.

पण बघा, हाच गुण त्याच्या मुळावर येतो. जे काम कधीही थांबवता येतं, ते काम नव्हेच असं घरातले धरून चालतात. 'अगं, विणतच बसली आहेस ना, जरा चहा टाक.' ऑफिसच्या टेबलावर बसलेल्याला असं कोणी म्हणत नाही. आणि दर वेळी उठण्याची किंमत असतेच. मोजणी चुकते, एखादा टाका गळतो, चार ओळींनंतर लक्षात येतं आणि सगळं उसवावं लागतं. तो वेळ कुठल्याच हिशेबात येत नाही.

तेव्हा आपण आज हिशेबच करू. पूर्ण बाह्यांचा, मोठ्या माणसाचा, साध्या विणीचा एक स्वेटर घ्या. लोकर मध्यम जाडीची. पाठीला साधारण १०० टाके आणि १८० ओळी धरा. म्हणजे १८,००० टाके. पुढच्या भागाचे तेवढेच. झाले ३६,०००. बाही खाली अरुंद, वर रुंद, म्हणून सरासरी ६० टाके आणि १३० ओळी, म्हणजे ७,८००. दोन बाह्यांचे १५,६००. एकूण ५१,६०० टाके. सराव असलेली बाई मिनिटाला २५ टाके विणते असं धरलं, तर नुसत्या विणण्याला ३४ तासांच्या वर जातात. गळ्याची पट्टी, भाग जोडणं, चुकलेलं उसवणं, धुऊन सारखं करणं हे धरलं की ४० तास सहज होतात. नक्षी असेल, दोन-तीन रंग असतील, तर त्याहून जास्त.

आता मजुरीकडे वळू. समजा, लोकर दुकानदाराची आणि विणण्याचे तुम्हाला ६०० रुपये मिळाले. ६०० भागिले ४०, म्हणजे तासाला १५ रुपये. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. ४० तास म्हणजे आठ तासांचे पाच दिवस. त्या दराने पाच दिवसांचे १,४८५ रुपये होतात. खडी फोडायला, माती उचलायला सरकारने जी सगळ्यात कमी मजुरी धरली, तिच्या निम्म्याहून कमी आपल्याला मिळतात. आणि वर हे कसबाचं काम! काखेत टाके कसे घटवायचे, गळा कसा उचलायचा, हे शिकायला वर्षं गेलेली असतात.

दुकानदार लोकर वजन करून देतो आणि तयार स्वेटर वजन करून घेतो. वजन कमी भरलं तर पैसे कापले जातात. काट्यावर लोकर दिसते, आपले तास दिसत नाहीत. ते दाखवण्याचं काम आपल्यालाच करावं लागणार आहे.

काहीजणी म्हणतील, बाजारात लुधियानाचे मशीनवर विणलेले स्वेटर स्वस्त मिळतात, मग आम्ही जास्त कसं मागायचं? प्रश्न बरोबर आहे. हाताने विणणारीने मशीनशी स्वस्ताईत टक्कर देऊ नये, त्यात ती हरणारच. हाताचं काम विकायचं ते मापाबरहुकूम, हव्या त्या रंगात, लहान बाळाच्या अंगाला टोचणार नाही असं. जे गिऱ्हाईक तेवढ्यासाठी येतं, त्याला किंमतही तशीच सांगता आली पाहिजे.

विणकाम हे मुळातच बायकांचं, हौसेचं काम आहे असंही समजू नका. युरोपात सोळाव्या शतकात मोजे, टोप्या विणणाऱ्या कारागिरांचे संघ होते आणि ते पुरुषांचे होते. वर्षानुवर्षं उमेदवारी केल्यावर तिथे कारागीर म्हणून मान्यता मिळायची. तेव्हा त्याला कोणी 'फावल्या वेळातला छंद' म्हणत नव्हतं. १५८९ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम ली याने विणण्याचं यंत्र तयार केलं. पुढे बाजार यंत्राकडे गेला आणि हातातल्या सुया घरात बाईकडे उरल्या. हातचं कसब तेच राहिलं, त्याचं नाव तेवढं बदललं.

नाव बदललं की हक्क बदलतात, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. सोलापूरच्या विडी कामगार बायका पानं-तंबाखू घरी नेऊन, घर सांभाळत विड्या वळतात. अगदी आपल्यासारख्याच. पण १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार म्हटलं. कारखानदार कोर्टात गेले, आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा आला. 'कामगार' म्हटल्यामुळे ओळखपत्र आलं, संघटना उभी राहिली, मोर्चे निघाले. २००६ मध्ये सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरांची वसाहत झाली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. त्यांचे हाल संपले असं मी म्हणत नाही. तंबाखूचा त्रास आहे, मजुरीचं रडगाणं आहे. पण ती बाई 'मी घरीच असते' म्हणत नाही, 'मी विडी कामगार' म्हणते.

आपल्यासाठीही दारं थोडी किलकिली झाली आहेत. १९८८ मध्ये इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 'श्रमशक्ती' अहवालात घरी बसून काम करणाऱ्या बायकांची दखल घेतली. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी, म्हणजे घरी बसून दुसऱ्याचा माल तयार करणाऱ्यांसाठी, १७७ क्रमांकाचा करार केला. घरी काम करणारीला कारखान्यातल्या कामगारासारखीच वागणूक मिळावी असं तो म्हणतो. भारताने त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही. आपल्याकडे २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्यात आणि त्यानंतर २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी काम करणारीची व्याख्या आहे. माल मालकाने दिलेला असो वा नसो, मोबदल्यासाठी मालकाचं काम घरी करणारी ती कामगार. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. या व्याख्येने मजुरीचा दर ठरत नाही, हे खरं. पण यादीत नावच नसेल तर योजना कोणासाठी मागायची? २०२१ पासून ई-श्रमची नोंदणी चालू आहे. १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांची नावं त्यात घालता येतात. फॉर्मवर कामाचा रकाना आला की 'गृहिणी' लिहून मोकळ्या होऊ नका, आपलं काम लिहा.

दुसरी वाट लिज्जत पापडच्या बायकांनी दाखवली. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. पीठ केंद्रावर मळलेलं, लाटायचं आपल्या घरी, पण मालकी लाटणाऱ्या बायकांचीच. घरी काम केल्यामुळे बाई एकटी पडते, आणि एकटी पडली की दर पडतो. त्यांनी घर सोडलं नाही, एकटेपण सोडलं.

आता थोडं घरातल्या हिशेबाबद्दल. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि पुरुषांपैकी जे ही कामं करतात त्यांची ८८ मिनिटं. आपलं विणकाम या २८९ मिनिटांच्या वर येतं. मग ते झोपेतून निघतं, मानेतून आणि डोळ्यांतून निघतं. ऑर्डर घेताना घरात सांगा, 'मी हे काम घेतलंय, चाळीस तासांचं आहे, तेवढे दिवस रात्रीची भांडी दुसऱ्या कोणीतरी घासायची.' पहिल्यांदा हसतील. स्वेटरचे पैसे घरखर्चाला चालतात, तर तासही घराने द्यायला हवेत.

मी आनंदाच्या विरुद्ध बोलत नाही. भाचीच्या बाळासाठी टोपडं विणताना मीही तास मोजत नाही. पण प्रेमाचा स्वेटर वेगळा आणि ऑर्डरचा स्वेटर वेगळा. पहिल्याची किंमत करू नये, दुसऱ्याची केल्याशिवाय राहू नये. दुकानदार आपल्याला 'ताई, तुमचा तेवढाच विरंगुळा' म्हणतो तेव्हा तो या दोन्हींची गल्लत करत असतो, आणि त्यात त्याचा फायदा असतो.

म्हणून आज चार साध्या गोष्टी ठरवू. एक, प्रत्येकीने एक वही घालायची. सुया हातात घेतल्या ती वेळ आणि ठेवल्या ती वेळ, उसवलं तेही लिहायचं. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या, तीही काहीतरी शिकेल. दोन, लोकर घेताना वजन, मजुरी आणि पैसे कधी मिळणार हे चिठ्ठीवर लिहून, त्यावर दुकानदाराची सही घ्यायची. तीन, वस्तीतल्या सगळ्या विणणाऱ्यांनी मिळून साध्या स्वेटरचा आणि नक्षीच्या स्वेटरचा दर ठरवायचा, आणि त्याखाली कोणीही काम उचलायचं नाही. इथे अडचण येईल. एखादीच्या घरी आजारपण असेल, तिला कमी दरातही काम हवंच असेल. तिला नावं ठेवू नका, बचत गटातून तिची तेवढी नड भागवा. नाहीतर दर टिकणार नाही. चार, महिन्यातून एकदा वह्या घेऊन एकत्र बसायचं.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा येणार आहे. तेव्हा 'तुम्ही काय काम करता?' असं परत विचारणार आहे. उत्तर वहीत बघून द्या.