माहिती नावाची अमानत

आज मी तुमच्याशी कायद्याबद्दल बोलणार आहे. मी वकील नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण दोन प्रसंग असे घडले की, मला हा कायदा समजून घ्यावा लागला.

पहिला प्रसंग माझ्या लहानपणचा. सातारा जिल्ह्यातलं आमचं खेडं. अब्बा मुंबईला गिरणीत कामाला. अम्माला अक्षरओळख नव्हती आणि मी जेमतेम पहिलीत. त्यामुळे अब्बांचं पत्र आलं की पोस्टमनकाकाच ओट्यावर बसून ते वाचून दाखवायचे. एके दिवशी इनलँड पत्र आलं. त्याच दिवशी फुप्पीला, म्हणजे माझ्या आत्याला, बघायला पाहुणे आले होते. काकांनी पत्र फोडलं, नजर फिरवली आणि मोठ्यानं वाचलं, ‘मी खुशाल आहे. पैसे पुढच्या महिन्यात पाठवतो. पोरांना जपा.’ मग घडी करून पत्र स्वतःच्याच खिशात घातलं. अम्माला नवल वाटलं. एरवी ते पत्र हातात देऊन जायचे.

दिवस मावळल्यावर काका पुन्हा सायकल मारत आले. अम्माला परसदारी बोलावून त्यांनी खरं पत्र वाचलं. अब्बांना टीबी झाला होता. शिवडीच्या रुग्णालयात दाखल केलं होतं. त्या काळात घरात टीबी आहे म्हटलं की लोक त्या घरचं पाणी प्यायचे नाहीत. पुढे पाहुण्यांना आमच्या घरच्यांनीच सगळं सांगितलं. सोयरीक टिकली, अब्बाही बरे होऊन आले. पण सांगायचं केव्हा, कुणी आणि कोणत्या शब्दांत, हे घरच्यांनी ठरवलं होतं. अम्मा म्हणायची, ‘अमानत थी बाबा, उनो पेट में रखे.’

दुसरा प्रसंग अलीकडचा. मी एका प्रयोगशाळेत रक्त तपासून घेतलं. फॉर्मवर नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर सगळं लिहून दिलं. साखर बरीच वाढलेली निघाली. पत्नीचे वडील याच आजारानं गेले होते. तिला कसं सांगावं याचे शब्द मी दोन दिवस जुळवत होतो. तिसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेलो असताना फोन वाजला. तिनं उचलला. पलीकडून एक गोड आवाज : ‘सरांची शुगर हाय आली आहे ना? आमच्याकडे डायबेटिसचं पॅकेज आहे.’ मी बाहेर आलो तर ती फोन हातात धरून बसली होती. मी त्या नंबरवर उलट फोन केला, विचारलं, ‘माझी माहिती तुम्हाला कुणी दिली?’ उत्तर आलं, ‘सर, सिस्टीममध्ये दिसतंय.’

गोपनीयतेचा विषय निघाला की पुष्कळ जण म्हणतात, ‘आपल्याला काय लपवायचंय?’ मलाही बायकोपासून काही लपवायचं नव्हतं. ते मला सांगायचं होतं. सांगण्याचा तो हक्क माझ्याकडून कुणीतरी परस्पर काढून घेतला, एवढीच माझी तक्रार आहे.

असा हक्क आपल्याला आहे का? राज्यघटनेत ‘गोपनीयता’ हा शब्द मूलभूत हक्कांच्या यादीत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ आणि १९६२ सालच्या दोन निकालांचा आधार घेऊन, असा मूलभूत हक्कच नाही, असं म्हटलं जायचं. ‘आधार’ला आव्हान देणाऱ्या खटल्यात सरकारनंही हेच म्हणणं मांडलं. तो खटला गुदरणारे होते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. २०१२ साली ते न्यायालयात गेले तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षं ओलांडली होती. त्यातूनच २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमतानं निर्णय दिला की, गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे. घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कातच तो सामावलेला आहे.

मग न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनं २०१८ साली मसुदा दिला. त्यात बरेच फेरफार होत होत ऑगस्ट २०२३ मध्ये ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा’ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू होण्यासाठी तेव्हापासून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

या कायद्यात आपली माहिती घेणाऱ्याला ‘डेटा फिड्युशियरी’ म्हटलं आहे. फिड्युशियरी म्हणजे विश्वस्त. दुसऱ्याची ठेव सांभाळणारा. हे वाचलं तेव्हा मला अम्माचा शब्द आठवला. अरबी-फारसीतली ‘अमानत’ मराठीत आली आणि अक्षरांची अदलाबदल होऊन ‘अनामत’ झाली. घरभाड्याची अनामत आपण हक्कानं परत मागतो. माहितीचीही मागता येते. कायदा म्हणतो, संमती मोकळेपणानं आणि नेमक्या कामापुरती घेतलेली असावी. ती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणंही सोपं हवं. काम संपलं की माहिती पुसून टाकावी. विश्वस्तानं ठेव नीट जपली नाही, तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि मराठी माणसाच्या कामाची एक गोष्ट. संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय मिळाली पाहिजे, असं हा कायदा सांगतो. त्या बावीस भाषांत मराठी आहे. म्हणजे न कळणाऱ्या इंग्रजीखाली सही करण्याऐवजी ‘मराठीत दाखवा’ म्हणता येईल.

तरी कायद्यात उणिवा आहेत. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद यात नाही. केंद्र सरकार देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी आपल्या यंत्रणांना यातून सूट देऊ शकतं. आणि मला सर्वांत खटकणारी गोष्ट अशी की, आजार, जात, धर्म अशी माहिती अधिक नाजूक मानून तिला वेगळं संरक्षण देण्याची आधीच्या मसुद्यांतली कल्पना या कायद्यात उरलेली नाही. सगळी माहिती एकाच तराजूत. पण तिचं वजन सारखं नसतं. भाड्याच्या घरासाठी फोन केल्यावर माझं मराठी ऐकून घरमालक दोन-दोन खोल्या दाखवायला तयार होतात आणि नाव सांगितलं की ‘जागा आत्ताच गेली’ म्हणतात. नाव ही कुणासाठी नुसती ओळख असते, कुणासाठी ओझं. एकट्या बाईचा पत्ता, एचआयव्ही झालेल्याचा रिपोर्ट यांचंही तसंच.

कायदा येतो, पण सवयी आपल्यालाच बदलाव्या लागतात. दुकानदारानं बिलासाठी मोबाइल नंबर मागितला तर ‘कशाला हवा?’ असं विचारावं. आधारची प्रत द्यावीच लागली तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते, ती द्यावी. झेरॉक्सवर तारीख आणि काम आडवं लिहून सही करावी. आणि दुसऱ्याचा रिपोर्ट, दुसऱ्याचा फोटो आपल्या मोबाइलवर आला तर तो पुढे ढकलण्याआधी थोडं थांबावं. तिथं विश्वस्त आपणच असतो.

आमचे पोस्टमनकाका आता नाहीत. त्यांच्या काळी असा कायदा नव्हता आणि अख्ख्या गावाची पत्रं त्यांना ठाऊक होती. कुणाच्या घरात काय शिजतंय हे त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. आज आपली माहिती ज्यांच्या हाती आहे, त्यांच्याकडून मी तेवढीच अपेक्षा करतो.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)