दुसऱ्या मानाची खुर्ची



अमेरिकेचे पहिले उपाध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स पत्नीला लिहिताना आपल्या पदाला अगदी क्षुल्लक म्हणत. पण १८४१ साली अध्यक्ष हॅरिसन महिनाभरातच वारले, आणि उपाध्यक्ष टायलर अध्यक्ष होऊन बसले ते मुदत संपेपर्यंत.

आपणां अक्कलकोटकरांना इतके दूर जावयास नको. आपल्या भोसल्यांच्या संस्थानासारखेच पटवर्धनांचे जमखंडी. राजा मराठी, रयतेच्या तोंडी कानडी. तेथले बसप्पा दानप्पा जत्ती संस्थानाचे मुख्यमंत्री, पुढे म्हैसूरचे आणि १९७४ साली उपराष्ट्रपती झाले. ११ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद वारले, आणि कारभार जत्तींकडे आला. एप्रिलअखेर मोरारजींच्या सरकारने नऊ विधानसभा विसर्जित करण्याचा कागद पुढे ठेवला. जत्तींची सही लांबली. केवढा गहजब झाला! सल्ला मानणे घटनेने बंधनकारकच केले होते. अखेर त्यांनी सही केली. तरी एवढ्या मोठ्या कागदापुढे माणूस घटकाभर थबकला, यात आम्हांला तरी गैर वाटत नाही.

२५ जुलैला संजीव रेड्डी राष्ट्रपती झाले, आणि जत्ती मुकाट्याने पुन्हा राज्यसभेच्या सभापतिपदावर जाऊन बसले.