मिशनच्या शाळेतील एक वर्ष

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शंभर वर्षांच्या वाटचालीवर अधिकाराने बोलू शकतील अशी मंडळी या सभागृहात आहेत. मजपाशी आहे ती केवळ एका शालेय वर्षाची आठवण, जून १९५६ ते एप्रिल १९५७ या काळाची. त्या वर्षी मी बेळगावातील एका ख्रिस्ती हायस्कुलात नववीत होतो. या ग्रंथालयाची दोन पुस्तके त्या वर्षात अशी गुंतलेली आहेत की आपण मला बोलण्यास सांगितले तेव्हा दुसरा विषय सुचलाच नाही.

आमचे अण्णा न्यायालयात कारकून होते. इंग्रजी व गणित मिशनच्या शाळेतच चांगले शिकवतात, असे त्यांचे मत होते. आणि तेथे मुलगा बाटण्याचा संभव असतो, असेही त्यांचेच मत होते. आपल्या गावी ही भीती निराधार म्हणता आली नसती. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावातच जन्मले, येथील मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ साली ख्रिस्ती झाले. शंभर वर्षे लोटली होती, तरी आमची आजी ती गोष्ट गेल्या आठवड्यात घडल्यासारखी सांगे. तथापि शेवटी गणिताचा जय झाला आणि माझे नाव शाळेत दाखल झाले.

पहिल्याच आठवड्यात एक छापील पत्रक घरी आले. शासनमान्य शाळेत पालकाच्या संमतीवाचून अज्ञान विद्यार्थ्याला धर्मशिक्षणाच्या तासाला बसवता येत नाही, असे आपल्या संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदात आहे. अण्णांनी चष्मा पुसला, पत्रक दोनदा वाचले आणि सुवाच्य अक्षरांत लिहिले, 'संमती नाही.' त्यामुळे दर बुधवारी शेवटच्या तासाला आम्ही सात-आठ मुले व्हरांड्यातील बाकांवर बसू लागलो.

बेळगावचा जुलैमधला पाऊस आपणांस ठाऊक आहे. पागोळ्यांच्या धारांतून वर्गातला आवाज तुटक तुटक ऐकू येई. एका बुधवारी आमचे मराठीचे शिक्षक उधळ्या पुत्राचा दृष्टान्त सांगत होते. धाकटा मुलगा आपला वाटा मागून घेतो, परदेशी जाऊन सारे उडवतो, डुकरे राखण्याची पाळी येते तेव्हा त्याला घर आठवते. तो परत येताना दुरून दिसला आणि म्हातारा बाप धावत निघाला, इतके ऐकू आले आणि पावसाची मोठी सर आली. पुढे काय झाले ते मला कळलेच नाही. त्या रात्री मी अण्णांना म्हणालो, "मला त्या तासाला बसायचे आहे."

अण्णा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी या ग्रंथालयातून बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र आणून माझ्यापुढे ठेवले. "आधी हे वाच. मग मला सांग," एवढेच बोलले. मुलगा गेल्यावर आईबापांचे काय होते ते मी वाचावे, असा त्यांचा हेतू असावा. मी ते आठ दिवसांत वाचले. भाषा जुन्या वळणाची, वाक्ये लांब, मजकूर पुष्कळदा उपदेशाकडे वळणारा. पण माझ्याच गावच्या एका मुलाच्या मनात काय काय चालले होते ते मला प्रथमच कोणी तरी खरेपणाने सांगत होते. अण्णांनी विचारले, "काय दिसले?" मी म्हणालो, "दोन्ही बाजूंचे दुःख दिसले." ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी नवे पत्र लिहून दिले. अट एकच होती. जे ऐकेन ते त्याच रात्री त्यांना जसेच्या तसे सांगायचे.

अशा रीतीने बुधवारच्या रात्री आमच्या ओसरीवर बायबलमधील कथांचे निरूपण सुरू झाले. आजी माजघरातून ऐके आणि आपण ऐकत नाही असे दाखवी. शाळेत मला कोणी ओढले का, असे पुढे अनेकांनी विचारले. एका शिक्षकांनी एकदा मला थांबवून "तुझा विचार काय?" असे विचारले होते, हे खरे आहे. ते मुख्याध्यापकांच्या कानी गेले आणि पुन्हा तसे घडले नाही.

माझ्या बाकावर बसणारा मुलगा बोर्डिंगातला होता. त्याचे नाव मी येथे घेत नाही. तो चंदगड तालुक्यातला. त्याच्या आजोबांच्या वेळी महारवाड्यातील दोन-चार घरांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, त्यांतले ते एक घर. सकाळी शाळेच्या बागेला पाणी घालायचे, ज्वारीची भाकरी खायची आणि दिवसभर मिळेल ते वाचायचे, हा त्याचा क्रम. ग्रंथालयाची अनामत भरणे त्याला शक्य नव्हते, म्हणून मी माझ्या वर्गणीवर पुस्तके नेई आणि ती तो वाची. नियमबाह्य होते, आज पदाधिकाऱ्यांसमोर कबूल करतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी, दिवाळीच्या सुट्टीतच, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. सुट्टीनंतर भूगोलाच्या तासाला फळ्यावर नवा नकाशा काढला तेव्हा तो हळूच म्हणाला, "आता मी परराज्यातला." आम्ही दोघेही हसलो. जानेवारीतला गोळीबार गावाच्या मनात ताजा होता, म्हणून गुरुजी मात्र हसले नाहीत.

त्या वर्षी धर्मांतर हा शब्द सर्वांच्या तोंडी होता. मध्य प्रदेशात मिशनऱ्यांच्या कार्याविषयी नियोगी समितीचा अहवाल आला होता. १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, आणि ६ डिसेंबरला ते गेले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी माझा मित्र रांगेत उभा राहून रडत होता. मी अजाणतेपणी विचारले, "तू तर ख्रिस्ती, मग तू का रडतोस?" त्याने माझ्याकडे नुसते पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला पाच-सहा आठवड्यांनी कळला.

नाताळच्या सुट्टीत त्याने लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली. ती परत द्यायला तो संक्रांतीच्या दिवशी आमच्या घरी आला. तोवर तो कधी आला नव्हता; मीही कधी बोलावले नव्हते. आईने त्याला तिळगूळ दिला, तो वरून, हात न लागेल असा. त्याने पाणी मागितले. आमच्या पडवीच्या कोनाड्यात एक पितळी पेला असे, तो कोणासाठी असतो ते मला लहानपणापासून ठाऊक होते. आईने त्यात पाणी ओतले. तो ओठ न लावता प्यायला, अंगणात जाऊन त्याने पेला विसळला आणि कोणी न सांगता त्याच कोनाड्यात उपडा घातला. अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. मी काही बोललो नाही.

'स्मृतिचित्रे' हातात घेऊन मी तसाच उभा होतो. सोवळेओवळे एकेक पायरीने कसे सुटत गेले ते लक्ष्मीबाईंनी त्यात स्वतःचे हसे करून घेत सांगितले आहे, आणि ते वाचूनच तो आमच्याकडे आला होता, हे मला पुस्तक चाळताना उमगले.

त्याच बुधवारी तासाला शोमरोनी स्त्रीची कथा निघाली. थकलेला वाटसरू विहिरीपाशी बसतो आणि ज्या लोकांशी आपले लोक व्यवहार ठेवत नाहीत त्यांच्यातील एका स्त्रीकडे प्यायला पाणी मागतो. अट होती, म्हणून ती कथा मी रात्री अण्णांना सांगितली. एक शब्दही गाळला नाही. पाण्याचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी मान वर केली. माजघरात आजीची हालचाल थांबली. अण्णा म्हणाले, "आज इतके पुरे."

पेला कोनाड्यातून हलला नाही. तो हलला १९६३ साली, आजी गेल्यानंतर. आईने एके सकाळी तो चिंचेने घासला आणि स्वयंपाकघरातील फळीवर इतर पेल्यांत ठेवला. त्याविषयी घरात बोलणे झाले नाही.

मित्र पुन्हा आमच्या घरी आला नाही. शाळेत मात्र पूर्वीसारखाच राहिला. मीच त्याच्याकडे पाहताना अडखळत असे. राज्ये वेगळी झाल्यामुळे त्याच्या वडिलांनी त्याला कोल्हापूरकडे पाठवण्याचे ठरवले. गुड फ्रायडेच्या, म्हणजे १९ एप्रिलच्या आधीच परीक्षा संपल्या आणि एका पत्र्याच्या ट्रंकेसह तो गेला. मी एस. टी. स्टँडवर गेलो होतो. मनात ठरवलेले वाक्य गाडी सुटेपर्यंत ओठांवर आले नाही.

पावसाळ्यात त्याचे एक कार्ड आले. नवी शाळा बरी आहे, गणित अवघड आहे, आणि तेथील वाचनालयात त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने वर्गणीदार करून घेतले आहे, असे त्यात होते. मी सविस्तर उत्तर लिहिले. पाऊस, शाळा, नवे मुख्याध्यापक, सारे लिहिले. पेल्याविषयी लिहिले नाही.