हरभऱ्याच्या शेतातील पाठ



परिसर अभ्यासाचा तास पुष्कळदा चित्रतक्त्यापाशीच संपतो. वास्तविक शाळेच्या कुंपणापलीकडे हरभरा फुलोऱ्यात असतो, आणि घाटेअळी त्यात शिरलेली असते. एक अळी आपल्या आयुष्यात ३० ते ४० घाटे पोखरते. वर्गातल्याच कुणा मुलाच्या घरचे रब्बीचे उत्पन्न ती खात असते.

सेंद्रिय शेती करणाऱ्या शेतकऱ्याची अनुमती घेऊन मुलांना तेथे न्यावे. फवारणी झालेल्या शेतात नेऊच नये. हेक्टरी सुमारे ५० पक्षीथांबे, म्हणजे आडवी काटकी बांधलेल्या काठ्या, रोवल्या की कोतवाल व साळुंकी त्यांवर बसून अळ्या टिपतात. बियाण्यात थोडी ज्वारी मिसळून पेरली असल्यास तिची ताटेही तेच काम करतात. विषारी फवाऱ्याने अळीबरोबर तिच्यावर जगणारे कीटकही मरतात. ५ टक्के निंबोळी अर्काचा मार्ग त्याहून सौम्य आहे. १० लिटर पाण्यास निंबोळी किती, हे गणित पाचवीच्या मुलास सुटावे.

खरा पाठ मोजणीचा. थांब्याजवळील आणि थांब्यापासून दूरची अशा एकेक मीटर ओळी ठरवून दर आठवड्यास त्यांतील अळ्या मोजाव्यात. आकडे मनाजोगते न आले तरी खोडू देऊ नयेत. हरभऱ्याच्या आंबेने पाय चुरचुरतात, म्हणून अनवाणी मुलांना बांधावर बसवून पक्षी मोजावयास सांगावे. मीटरला एक-दोन अळ्या आढळू लागताच शेतकऱ्यास त्याच दिवशी कळवावे. पीक त्याचे आहे.