माजघरातलं सरकतं दार

आजच्या भागात कोड नाही, सर्व्हर नाही. आज सुतारकाम. गेल्या भागात मी सहज बोललो होतो की वणीच्या घरी मी एक दार बनवलं आणि ते पडलं. त्यावर विचारणा झाली, म्हणून सगळंच सांगतो.

आमचं घर जुनं आहे. पांढऱ्या मातीच्या, दीड फूट जाडीच्या भिंती, वर सागाच्या तुळया. माजघराला लागून न्हाणीघर. त्याचं दार आत उघडायचं. चाळीस वर्षं कुणाला त्यात काही खटकलं नाही. मग आजीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि वॉकर आला. वॉकर म्हणजे दोन्ही हात गुंतलेले. दार ढकलायला एक हात सोडायचा, आत जायचं, मग दार लावायला वॉकर घेऊन मागे वळायचं, तेही ओल्या फरशीवर. त्यामुळे प्रत्येक वेळी आईला हाक. एकदा आजी मला म्हणाली, "हाका मारून मारून घसा दुखतो रे, पायापेक्षा." हसत म्हणाली, पण मी ऐकलं.

खरी भीती दुसरीच होती. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला, तर त्याच्याच अंगाने दार अडतं. बाहेरून ढकललं तर त्यालाच लागतं. त्यात तीन फुटी दार उघडताना साधारण 7 चौरस फूट जागा खातं. आमची न्हाणी आहे केवढी!

परदेशी व्हिडिओंमध्ये 'बार्न डोअर' बघितलं होतं. तिकडच्या शेतावरच्या कोठारांना अशी दारं असायची. वर लोखंडी रूळ, त्यावर चाकं, चाकांना लटकलेलं फळ्यांचं दार, आणि ते बाजूला सरकतं. तत्त्व लिफ्टच्या दाराचंच. भार वर, खाली फक्त वाट दाखवणारी खाच. आता ही दारं शहरातल्या फ्लॅटमध्ये शोभेसाठी लावतात. मला शोभेशी देणंघेणं नव्हतं.

आधी रुंदी. चौकटीच्या आत 30 इंच मिळत होते. केंद्र सरकारच्या 2021 च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दाराची मोकळी रुंदी किमान 900 मिलिमीटर सांगितली आहे, म्हणजे साडेपस्तीस इंचाला किंचित कमी. सरकत्या दाराला चौकट लागत नाही, हा मोठा फायदा. चौकट काढली, 35 इंच झाले. उरलेलं भिंतीच्या कडा तासून आणि पुन्हा सारख्या करून भागवलं. वरची सागाची आडवी तुळई मात्र जागेवरच ठेवली, कारण भिंतीचा भार तिच्यावर आहे. घरी असं काही करणार असाल तर चौकटीला हात लावण्याआधी वर काय आहे ते जाणत्या माणसाकडून बघून घ्या.

लाकूड घरचंच. पडक्या माळ्याच्या सागाच्या फळ्या होत्या, वर्षानुवर्षं वाळलेल्या. गल्लीतल्या सुतारकाकांकडे रंधा मारून इंचभर जाडीच्या केल्या. काकांनी एक गोष्ट बजावली, "फळ्या एकमेकींना चिकटवू नको. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, लांबीत नाही. तिला जागा दे." म्हणून कडेला खाच करून फळ्या एकमेकींत बसवल्या आणि मागून दोन आडव्या व एक तिरकी पट्टी मारली. दार 40 इंच रुंद, 83 इंच उंच. वजन पट्ट्यांसकट 45 किलोच्या आसपास.

रूळ म्हणजे 40 बाय 8 मिलिमीटरची लोखंडी पट्टी, दाराच्या दुप्पट लांब, 80 इंच. चाकं बाजारात तयार मिळतात, पण महाग. आपल्याकडे द्राक्षांमुळे ट्रॅक्टर आणि फवारणी यंत्रं दुरुस्त करणारी वर्कशॉप आहेत. तिथल्या लेथवर नायलॉनची दोन खोबणीची चाकं करून घेतली, आत 6201 नंबरचं बेअरिंग. ते कुठल्याही दुकानात मिळतं, हे महत्त्वाचं.

आता चूक. मी रूळ भिंतीवर थेट लावला. पाच अँकर फास्टनर, ड्रिल मारून ठोकले. व्हिडिओत तसंच होतं. पण व्हिडिओतली भिंत काँक्रीटची किंवा लाकडी सांगाड्याची, माझी मातीची. फास्टनर आत फुगतो आणि भोकाच्या कडांना दाबून धरतो. मातीला दाबलं की ती भुगा होते. शिवाय मी हिशेब फक्त खाली ओढणाऱ्या वजनाचा केला होता. दार भिंतीपासून दोन-अडीच इंच पुढे लटकतं, त्यामुळे बोल्टवर बाहेर खेचणारा जोरही येतो. आणि दार पूर्ण उघडलं की सगळा भार रुळाच्या एकाच टोकाला.

चौथ्या रात्री अडीच वाजता आवाज आला. रूळ, दार, वाटीएवढे मातीचे ढेकळ, सगळं माजघरात आडवं. आजी रोज पहाटे पाचला उठून त्याच दारातून जाते. मी घड्याळ बघितलं आणि खाली बसलो. ऑफिसात माझ्या चुकीने वेबसाइट बंद पडली तर जुनं व्हर्जन परत टाकता येतं. इथे काय टाकणार होतो?

दोन आठवडे नुसता पडदा होता. मग पद्धत बदलली. सागाचीच 7 फुटी जाड फळी आडवी घेतली. भिंत आरपार भोकून 12 मिलिमीटरचे आटे असलेले पाच रॉड घातले आणि पलीकडच्या बाजूला लोखंडी पट्टी देऊन नटांनी आवळले. म्हणजे भिंत दोन पट्ट्यांच्या चिमट्यात, आणि मातीने काही पकडून ठेवायची गरजच नाही. रूळ त्या फळीला. दाराच्या माथ्यावर दोन लाकडी चकत्या, म्हणजे चाक उसळून रुळावरून उतरणार नाही. दोन्ही टोकांना रबरी अडथळे. मग दाराला 20 लिटरचे दोन भरलेले पाण्याचे जार बांधले आणि दोन रात्री ठेवले. एक रात्र बंद स्थितीत, एक पूर्ण उघड्या. रोज सकाळी पेन्सिलच्या खुणांवरून मोजलं. काही हललं नाही, तेव्हाच आजीला हात लावू दिला.

उंबऱ्याचं सांगायचं राहिलं. वॉकरसाठी तो काढायलाच हवा होता, आणि मी धास्तावलो होतो की आजीला ते अशुभ वाटेल. तिने शांतपणे विचारलं, "उंबरा काढशील, मग पाणी कुठं अडवशील?" बीटेक झालेल्या माणसाने हा विचारच केला नव्हता! उंबरा हा न्हाणीचा बांध होता. शेवटी आतल्या फरशीचा उतार नव्याने केला आणि दाराच्या रेषेत उथळ नाली काढून तिच्यावर सपाट जाळी बसवली. दार बाहेरून, माजघराच्या बाजूने लटकतं, म्हणून त्याला पाणी लागत नाही. खालची खाच धरणारा तुकडाही वाटेत नाही, कडेला भिंतीशी आहे. कडी आतून लागते, पण बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येते. हे विसरू नका.

दार पहिल्यांदा सरकवलं तेव्हा आजी म्हणाली, "गडावरच्या ट्रॉलीसारखं आहे." सप्तशृंगीला 2018 मध्ये फ्युनिक्युलर सुरू झाली, त्यानंतरच ती पायऱ्यांशिवाय वर गेली होती. आता कोपराने ढकलते, दार जातं. आईला हाक नाही.

दोष आहेत. असं दार भिंतीला घट्ट बसत नाही, फटीतून आवाज आणि वाफ दोन्ही येतात. बंद खोलीची शांतता हवी असेल तर हे लावू नका. माझी ऑफिसची मीटिंग माजघरात चालते, आणि आजी आंघोळ करताना ती सगळी ऐकते. परवा बाहेर येऊन म्हणाली, "तो तुझा साहेब फार बोलतो." कडेला ब्रशची पट्टी लावून बघणार आहे.